अमॉक्सिसिलिन : उपयोग, धोके व खबरदारी

मागच्या आजारांतल्या दोन-चार उरलेल्या कॅप्सूल पुष्कळ घरीं फळीवर ठेवलेल्या असतात. शेजारचें मूल तापलें म्हणजे त्यांतली एक प्रेमानें काढून दिली जाते. ही प्रीति खरी. परंतु तिला ज्ञानाची जोड नसली, तर तिजपासून अपाय होतो. तो कसा, हें पाहूं.

अमॉक्सिसिलिन हें पेनिसिलिनच्याच घराण्यांतलें औषध आहे. तें जीवाणूंस आपल्याभोंवतालची भिंत बांधूं देत नाहीं, म्हणून ते मरतात. कान पिकणें, घशाचे कांहीं विकार, न्यूमोनिया, दाढेचें गळूं, अशा दुखण्यांत डॉक्टर तें देतात. सर्दी, फ्लू व डेंग्यू हे रोग मात्र विषाणूंपासून होतात. विषाणूंस अशी भिंतच नसते. तेव्हां तेथें ह्या औषधाचा कांहीं उपयोग नाहीं.

ह्या औषधानें कोणास मळमळतें, कोणास जुलाब होतात. कित्येकांस तर पेनिसिलिन मुळींच सोसत नाहीं. अंगावर गांधी उठणें, ओठ व चेहरा सुजणें, धाप लागणें, हीं त्याचीं चिन्हें होत. तीं दिसतांच औषध थांबवून रोग्यास तत्काळ इस्पितळांत न्यावें. उशीर प्राणावर बेततो.

दुसरा धोका साऱ्या गांवाचा आहे. औषध विनाकारण घेतल्यानें दुबळे जंतु मरतात, आणि त्यास दाद न देणारे उरून वाढतात. मग खऱ्या गरजेच्या वेळीं तेंच औषध निकामी ठरतें. पेनिसिलिनचे शोधक अलेक्झांडर फ्लेमिंग ह्यांनीं अपुऱ्या मात्रेविषयीं असा इशारा १९४५ सालींच दिला होता.

ह्यास्तव पुढील गोष्टी ध्यानांत ठेवाव्या :

१. पाकिटावर उभी लाल रेघ असलेलें औषध डॉक्टरांच्या चिठ्ठीवांचून घेऊं नये.

२. पूर्वीं एखादें औषध बाधलें असल्यास, मूत्रपिंडाचा विकार असल्यास, दुसरें औषध चालू असल्यास किंवा दिवस गेले असल्यास तसें आधीं सांगावें.

३. मुलांची मात्रा वजनावरून ठरते; मोठ्यांची कॅप्सूल उघडून अंदाजानें देऊं नये.

४. सांगितलेले दिवस पुरे होईपर्यंत औषध वेळेवर घ्यावें. बरें वाटलें म्हणून आपल्याच मतानें सोडूं नये.

उपदेशक बंधूंनीं हें घरोघर समजावून सांगावें. तापलेल्या लेकराच्या आईस उरलेली कॅप्सूल देण्यापेक्षां तिच्याबरोबर दवाखान्यापर्यंत चालत जाणें, हाच खरा शेजारधर्म होय.