दान्तेची परलोकयात्रा आणि आजीचा प्रश्न

मागील वर्षी माझे आजोबा वारले. आमगाव तालुक्यातील आमच्या घरी रोज रात्री गरुडपुराण वाचले जाई. यममार्ग, वैतरणी, पाप्यांच्या यातना ऐकून सारे गप्प होत. शाळेचे तोंडही न पाहिलेल्या आजीने शेवटच्या रात्री मला विचारले, "तिथं आपली मानसं भेटतेत का?" घरात कॉलेजात जाणारी मी पहिलीच, म्हणून तिने मला विचारले असावे. मला उत्तर देता आले नाही.

यंदा ग्रंथालयात इटालियन महाकवी दान्ते याच्या 'डिव्हाइन कॉमेडी'चा इंग्रजी अनुवाद हाती आला. तोच प्रश्न मनात धरून मी तो वाचू लागले.

दान्तेचा जन्म १२६५ साली फ्लॉरेन्स येथे झाला. राजकीय भांडणातून १३०२ मध्ये त्याला हद्दपार करण्यात आले. परतल्यास जिवंत जाळण्याची शिक्षा होती. तो पुन्हा घरी गेलाच नाही. १३२१ मध्ये रॅव्हेना येथे तो वारला. हे महाकाव्य त्या वनवासातले आहे.

काव्याची कथा १३०० सालची आहे. अरण्यात वाट चुकलेल्या दान्तेला प्राचीन रोमन कवी व्हर्जिल नरक व शुद्धिपर्वत दाखवितो. पुढे स्वर्गात त्याची दिवंगत प्रेयसी बिआत्रिचे नेते. नरकाचे ३४ आणि पुढील दोन्ही खंडांचे ३३-३३, असे एकूण १०० सर्ग आहेत. नरकाची नऊ वर्तुळे आहेत व जसे पाप तशी शिक्षा. वासनेने वाहवलेल्यांना तेथे अखंड वादळ फिरविते. विश्वासघातकी मात्र तळाशी, आगीत नव्हे तर बर्फात गोठलेले! हे वाचून मला नवल वाटले.

परंतु या यात्रेत दान्तेला परकेच भेटत नाहीत. नरकात त्याला गुरुतुल्य ब्रुनेत्तो लातिनी भेटतो, स्वर्गात खापरपणजोबा भेटतो. शुद्धिपर्वताच्या पायथ्याशी नावेतून उतरलेला गायक मित्र कासेल्ला दिसतो. दान्ते तीनदा त्याला मिठी मारू पाहतो आणि तीनही वेळा हात रिकामेच छातीशी परत येतात.

दुसरी गोष्ट भाषेची. त्या काळी विद्वानांची भाषा लॅटिन होती. दान्तेने हे काव्य मात्र लोकांच्या बोलीत रचले. आपल्या ज्ञानेश्वरांनी नेवासे येथे ज्ञानेश्वरी सांगितली ती शके १२१२, म्हणजे १२९० साली. तेव्हा दान्ते पंचवीस वर्षांचा होता. दोघांना एकमेकांची वार्ताही नव्हती. तरी दोघांनीही थोर ज्ञान घरच्या भाषेत आणले. दान्तेची कडवी तीन ओळींची, तर ओवीचेही पहिले तीन चरण यमकाने बांधलेले! या काव्याची एक मध्ययुगीन हस्तलिखित प्रत मुंबईच्या एशियाटिक सोसायटीत आहे. ती एल्फिन्स्टनने दिलेली आहे. कधीतरी ती पाहण्याची माझी इच्छा आहे.

दिवाळीच्या सुट्टीत मी आजीला कासेल्लाची गोष्ट आमच्या बोलीत सांगितली. पुस्तकी मराठीत ती मला सांगताच आली नसती. रिकाम्या हातांपाशी आजी बराच वेळ थांबली. मग म्हणाली, "पन बोलला ना त्याच्यासंग?"

मी म्हटले, "बोलला. गानंबी म्हटलं."

हे उत्तर आजोबांविषयीचे नाही, हे आजीलाही कळत होते. तरी त्या रात्री तिने आजोबांच्या गोष्टी सांगितल्या. ते गेल्यानंतर प्रथमच.