उलटा नमस्कार आणि माऊस

“डॉक्टर, याचा उजवा हात रात्री बधिर होतो. कॉम्प्युटरवर अभ्यासच फार असतो हो,” आई म्हणाल्या. साताऱ्याहून चेन्नईत इंजिनिअरिंगला आलेला 19 वर्षांचा मुलगा छताकडे बघत होता. मी त्याचा तळहात वर केला. तळहाताच्या मुळाशी, करंगळीच्या बाजूला छोटा घट्टा. अभ्यासाने तिथे घट्टा पडत नाही.

“व्हॅलोरंट?” मी त्या नेमबाजीच्या व्हिडिओ गेमचं नाव घेतलं.

“एम सुधारतोय, सर.” एम म्हणजे नेम. रोज रात्री 12 नंतर सलग तीन तास!

मी रागावेन असं आईंना वाटलं असावं. पण ई-स्पोर्ट्सला केंद्र सरकारने डिसेंबर 2022 मध्ये रीतसर मान्यता दिली आहे. मुलगा खेळतो याबद्दल माझी तक्रार नाही. सराव चुकीचा करतो, ही आहे.

त्याला सांगितलं, माऊस घेऊन बस आणि फूटपट्टीने मोज. खेळातल्या पात्राची पूर्ण एक गिरकी व्हायला माऊस किती सरकवावा लागतो? उत्तर आलं : 14 सेंटिमीटर. म्हणजे माऊसची सेन्सिटिव्हिटी इतकी जास्त की कोपर जागचं हलतच नाही, सगळं काम मनगटावर. मनगटातल्या अरुंद बोगद्यातून नऊ स्नायुबंध आणि एक नस जाते. मनगट वाकवून, टेबलाच्या कडेवर दाबून तासन्‌तास झटके दिले की त्या नसेची घुसमट होते. त्यात चेन्नईचा दमट उकाडा. घामाने माऊस निसटतो, म्हणून मुलं तो आणखी आवळून धरतात. रुमाल जवळ ठेवा, पकड सैल ठेवा.

गिरकी हळूहळू 35-40 सेंटिमीटरवर आणा, हात कोपरापासून फिरू द्या. मोठा माऊसपॅड लागेल. चेन्नईच्या रिची स्ट्रीटवर ढिगाने मिळतात. चकचकीत दिव्यांचा महागडा माऊस मात्र माझ्या मते पैशांची नासाडी. सेन्सिटिव्हिटी बदलली की पहिल्या आठवड्यात स्कोअर पडतो. याचाही पडला, तोंड एवढंसं झालं होतं.

वेग वाढवला की अचूकता घटते, हे पॉल फिट्स या मानसशास्त्रज्ञाने 1954 मध्येच गणितात मांडलं. म्हणून आधी इतकं सावकाश खेळा की बहुतेक नेम लागतील. वीस मिनिटं सराव, मग उठून पाणी, लांबवर नजर. दिवसाला असे दोन डाव पुरेत. हाताने शिकलेलं मेंदू पक्कं करतो ते बरंचसं झोपेत. पहाटे तीनपर्यंत जागून सराव करणं म्हणजे एका हाताने भरायचं आणि दुसऱ्याने सांडायचं.

घरी एक चाचणी करा. दोन्ही पंजे खाली सोडून हातांच्या पाठी एकमेकींना टेकवा, उलटा नमस्कार. मिनिटभरात अंगठा, तर्जनी, मधलं बोट यांत मुंग्या आल्या तर मनगटातली ती नस दबत असण्याची शक्यता आहे. रात्री मनगट सरळ ठेवणारा पट्टा बांधा, काही दिवस खेळ थांबवा. वेदनाशामक गोळी घेऊन मॅच खेळू नका. कप हातातून निसटू लागला किंवा अंगठ्याच्या बुडाचा उंचवटा सपाट दिसू लागला, तर लगेच डॉक्टरांना दाखवा. आणि मुंग्या करंगळीत असतील तर ती नस वेगळी : आधी कोपर टेबलाच्या कडेवर टेकवून बसता का, ते बघा.