पाइप किती इंची घ्यायचा? अंदाजाने नाही, हिशेबाने!

व्हिडिओत फॉर्म्युला पटकन गेला म्हणून कमेंटमध्ये बऱ्याच जणांनी विचारलं. म्हणून इथे सावकाश लिहून देतो. वही-पेन घेऊन बसा.

आधी माझी चूक सांगतो. दुकान नवीन होतं. पवनीकडचे एक काका उन्हाळी धानासाठी पाइप घ्यायला आले. अंतर ३०० मीटर. स्वस्त पडेल म्हणून मी ६३ एमएमचा पाइप दिला. आठ दिवसांनी काका परत आले, "भाऊ, मोटर चालते, पण बांधीत पाणीच पोचत नाही." मोटर चांगली होती, पाइपही चांगला होता. चुकला होता तो माझा हिशेब. बीबीएमध्ये मार्जिन शिकलो होतो, पण हे कुणी शिकवलं नव्हतं.

पायरी १ : पाणी किती हवं?
काकांची गरज सेकंदाला ५ लिटर. म्हणजे तासाला १८,००० लिटर, म्हणजेच १८ घनमीटर.

पायरी २ : वेग ठरवा
मोटरच्या पुढच्या पाइपात पाण्याचा वेग साधारण सेकंदाला १.५ मीटर धरा. फार वेग ठेवला तर घर्षण वाढतं, फार कमी ठेवला तर उगाच महागडा पाइप घ्यावा लागतो.

पायरी ३ : फॉर्म्युला
आतला व्यास (एमएम) = १८.८ × √(तासाला घनमीटर ÷ वेग)

१८ ÷ १.५ = १२. त्याचं वर्गमूळ ३.४६. गुणिले १८.८ म्हणजे सुमारे ६५ एमएम.

आता इथे सगळे फसतात! पीव्हीसी पाइपावर लिहिलेला आकडा बाहेरचा व्यास असतो. ६ किलो प्रेशरच्या ६३ एमएम पाइपाची आतली जागा सुमारे ५८ एमएमच, आणि ७५ एमएमची सुमारे ७०. म्हणजे काकांना ७५ चा पाइप हवा होता.

पायरी ४ : घर्षण तपासा
५ लिटरच्या प्रवाहाला दर १०० मीटरमागे ६३ च्या पाइपात साधारण साडेपाच मीटर हेड वाया जातं, ७५ च्या पाइपात सव्वादोन-अडीच मीटर. ३०० मीटरचा फरक झाला जवळपास १० मीटर! जणू पाणी तीन मजले जास्त चढवायचं. मोटरला ते झेपलं नाही, म्हणून पाणी कमी आलं. अंतर जास्त असेल तर वेगाच्या हिशेबावर थांबू नका, घर्षण बघाच.

हवा किंवा गॅस असेल तर?
फॉर्म्युला तोच, पण हवा दाबली की आकसते. आपल्याकडच्या राइस मिलमध्ये सॉर्टेक्स मशीनला कॉम्प्रेसरची हवा लागते. समजा कॉम्प्रेसर ६० सीएफएमचा आहे. म्हणजे तासाला सुमारे १०२ घनमीटर मोकळी हवा. गेजवर ७ बार दाब असेल तर त्यात वातावरणाचा १ मिळवा, झाले ८. १०२ ÷ ८ = १२.७५ घनमीटर. मेन लाइनला वेग ६ धरला तर व्यास येतो सुमारे २७ एमएम. एक इंची पाइप अगदी काठावर बसतो, म्हणून सव्वा इंची घ्या.

आणि एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा : दाबाच्या हवेला साधा पीव्हीसी पाइप कधीच विकू नका. तो फुटला तर तुकडे गोळीसारखे उडतात. गिऱ्हाईक कितीही म्हणो, "नाही" म्हणायचं. घरगुती किंवा इतर ज्वलनशील गॅसची लाइन असेल तर ती अधिकृत माणसाकडूनच करून घ्यायला सांगा.

काकांना मी पाइप बदलून दिला आणि फरकाचा तोटा स्वतः सोसला. तेव्हापासून काउंटरवर तीन प्रश्न ठरलेले : पाणी किती, अंतर किती, चढ किती? उत्तर मिळाल्याशिवाय बिल फाडत नाही.

गृहपाठ : तासाला ३० घनमीटर पाणी, वेग १.५. आतला व्यास किती, आणि ९० चा पाइप चालेल का? उत्तर कमेंटमध्ये टाका. भेटू पुढच्या व्हिडिओत!