सशाचे केस गळतात तेव्हा : कारणांचा शोध आणि नोंदी

घरी पाळलेल्या सशाच्या अंगावर एखाद्या सकाळी रुपयाएवढी उघडी जागा दिसते आणि घरातील मुले घाबरून जातात. अशा वेळी वडीलधाऱ्यांकडून बहुधा दोहोंपैकी एक गोष्ट घडते. ऋतू बदलला, केस जाणारच, असे म्हणून दुर्लक्ष केले जाते. किंवा कुत्र्यासाठी आणलेले पिसवांचे औषध सशालाही लावले जाते. यांपैकी दुसरी गोष्ट सशाच्या जिवावर बेतू शकते. कुत्र्यामांजरांच्या औषधांत सर्रास आढळणारे फिप्रोनिल हे द्रव्य सशाला विषारी असून त्याने आकडी येऊन ससा दगावतो. म्हणून आधी कारणाचा शोध आणि मग औषध, हाच क्रम इष्ट होय.

केस गळणे हा दर वेळी रोगच असतो असे नाही. पाळीव ससा ऋतुमानानुसार जुने केस टाकून नवे धारण करतो. या काळात केस झुबक्यांनी निघतात, जुन्या व नव्या केसांची सीमारेषाही अंगावर स्पष्ट दिसते. मात्र खालची त्वचा मऊ व स्वच्छ असते आणि तीतून नवी लव वर येत असते. मादीची गोष्ट आणखी निराळी. व्यायच्या सुमारास ती छातीचे व पोटाचे केस स्वतःच्या तोंडाने उपटून पिलांसाठी घरटे करते. गर्भ नसतानाही तिला गर्भाचा भास होतो व ती हाच उद्योग आरंभते. हा भास अडीच-तीन आठवड्यांत ओसरतो. (हे विवेचन पाळीव सशाविषयी आहे. रानससा ही वेगळी जात असून १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमान्वये तिला संरक्षण आहे. तो पकडून घरी पाळणे हा गुन्हा ठरतो.)

ही दोन कारणे संभवत नसतील तर केस कोठले गेले, हे प्रथम पाहावे. निम्मे उत्तर तेथेच मिळते. हनुवटी व गळ्याखालचा भाग ओला राहून केस जात असतील तर लाळ गळत असावी, आणि लाळेचे मूळ बहुधा दातांत असते. सशाचे दात जन्मभर वाढतात. गवत चावून ते झिजले नाहीत तर वेडेवाकडे वाढून तोंडात रुततात. डोळ्याखालची पट्टी उघडी पडली तर सतत पाणी गळत आहे असे समजावे. यामागेही दातांची मुळे असू शकतात. शेपटीखालचे व मांड्यांचे केस लघवीने भिजून जातात. मागच्या पायांचे तळवे उघडे व लाल झाले तर पिंजऱ्याची तारेची जाळी किंवा सशाचे अति वजन दोषी असते. एकत्र ठेवलेल्या सशांपैकी एकाचे केस कातरल्यासारखे आखूड दिसत असतील तर जोडीदार ते कुरतडीत असावा. जागेची अडचण व वाळल्या गवताचा तुटवडा असला की ही खोड लागते.

पाठीवर व मानेमागे दाट कोंडा दिसल्यास सशाला काळ्या कागदावर घेऊन बारीक फणी फिरवावी. कागदावर पडलेले पांढरे कण भिंगातून पाहताना हलताना दिसले, तर तो कोंडा नसून किडे आहेत. कानात थरावर थर खपल्या, नाकाच्या व पायांच्या कडांना जाड कवच आणि असह्य खाज ही खरजेच्या किड्यांची लक्षणे होत. तपासणी दोघांनी मिळून करावी. मागच्या धडाला हाताचा आधार न देता उचललेला ससा जोराने लाथ झाडतो व त्यातच त्याचा कणा मोडू शकतो. त्याला आंघोळ घालू नये. भिजण्याचा धक्का त्याला सोसत नाही.

डोके, कान व पंजे यांवर गोलसर, खपलीदार चट्टे असतील तर गजकर्णाचा संशय घ्यावा. ही बुरशी माणसाला लागते, आणि सशाला छातीशी धरणारी मुलेच तिला प्रथम बळी पडतात. मुलाच्या दंडावर किंवा मानेवर गोल चट्टा दिसल्यास मुलाला डॉक्टरांकडे आणि सशाला पशुवैद्यकाकडे, असे एकाच वेळी न्यावे. एकावरच उपचार केल्यास दुसऱ्याकडून रोग परत येतो. ज्या शाळांत ससे पाळले आहेत तेथील शिक्षकांनी याकडे विशेष लक्ष पुरवावे.

कारण उमगत नसेल तेव्हा वहीचा उपयोग होतो. चट्ट्याशेजारी नाणे ठेवून दर आठवड्याला एकाच जागी, सारख्याच उजेडात मोबाईलवर छायाचित्र घ्यावे. नाण्याच्या मापाने चट्टा वाढला की घटला हे निर्विवाद कळते. त्याच दिवशी वजन करावे. खाज, खाणे, लेंड्यांचे प्रमाण व आकार, बदललेला चारा किंवा अंथरूण यांची तारखेसह नोंद ठेवावी. ससा नेहमीप्रमाणे खातो आहे, त्वचा स्वच्छ आहे व खाज नाही, एवढे असेल तर दोन आठवडे थांबण्यास हरकत नाही. खपली, ओल, जखम किंवा पसरणारा चट्टा असेल तर थांबू नये. अर्धा दिवस ससा खाईनासा झाला अथवा लेंड्या बंद झाल्या, तर केसांची चिंता बाजूला ठेवून त्याच दिवशी पशुवैद्यकीय दवाखाना गाठावा.

तेथे जाताना वही बरोबर न्यावी. पशुवैद्यक त्वचा खरवडून किंवा चिकटपट्टी लावून नमुना सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. बुरशीसाठी केस तपासणीस पाठवतात व त्या निकालाला काही दिवस लागतात. किड्यांवरील औषध बहुधा पुन्हा द्यावे लागते, कारण अंडी मागे राहतात. पहिल्या मात्रेने खाज थांबली म्हणून दुसरी टाळू नये. पेनिसिलिन जातीची औषधे तोंडावाटे दिल्यास सशाच्या आतड्यातील उपकारक जंतू मरून ससा दगावू शकतो. घरात उरलेल्या गोळ्या त्याला देण्याचा मोह म्हणूनच टाळावा.

कोकण-गोव्याच्या पावसाळ्यात आणखी एक धोका असतो. शेपटीखालच्या ओल्या, मळलेल्या केसांवर माशा अंडी घालतात व एका दिवसात अळ्या पडू शकतात. जून ते सप्टेंबर या काळात सशाचा मागचा भाग सकाळी व संध्याकाळी उचलून पाहावा आणि पिंजऱ्यातील अंथरूण ओले होताच बदलावे.