ऐकू येणे आणि उमजणे

जन्मतः कर्णबधिर असलेल्या बालकावर कॉक्लिअर इम्प्लांटची शस्त्रक्रिया झाली, की घरात आणि शाळेत एक समजूत रूढ होते : आता याला ऐकू येते, हा आता इतर मुलांसारखाच. काही महिन्यांत मूल हाकेला वळून पाहू लागते. परंतु शिक्षकांनी सांगितलेले वाक्य त्याला कळत नाही. मग मूल मंद आहे किंवा शस्त्रक्रिया फसली, असा निष्कर्ष काढला जातो. बहुधा हे दोन्ही निष्कर्ष चुकीचे असतात. ऐकू येणे ही एक गोष्ट आणि ऐकलेले उमजणे ही दुसरी. या दोहोंमधील वाट मुलाला चालावी लागते, आणि त्यासाठी सोबत लागते.

यंत्र काय करते?

आपल्या अंतर्कर्णात गोगलगाईच्या शंखाच्या आकाराचा एक अवयव असतो. त्यातील सुमारे साडेतीन हजार आंतरिक केशपेशी ध्वनीची कंपने श्रवणतंतूंपर्यंत पोहोचवितात. या पेशी निकामी झाल्यास साध्या श्रवणयंत्राने आवाज कितीही मोठा केला, तरी पुरेसा उपयोग होत नाही. कॉक्लिअर इम्प्लांट हे काम निराळ्या मार्गाने करते. कानामागे लावलेला ध्वनिग्राहक आवाज टिपतो, संस्कारक त्याची उंच-नीच स्वरांच्या पट्ट्यांत विभागणी करतो आणि शंखात बसविलेले विद्युदग्र श्रवणतंतूंना सूक्ष्म विद्युत्‌स्पंद देतात. या विद्युदग्रांची संख्या साधारणतः १२ ते २२ असते. हजारो पेशींचे काम इतक्या थोड्या विद्युदग्रांवर सोपविल्यावर मेंदूपर्यंत जाणारे ध्वनिचित्र ढोबळच असणार, हे उघड आहे.

तरीही त्यातून बोलणे कळू शकते. अमेरिकेतील शॅनन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात, चांगले ऐकू येणाऱ्या व्यक्तींना केवळ चार पट्ट्यांत ढोबळ केलेले बोलणे ऐकविण्यात आले. शांत जागी, थोड्या सरावानंतर, त्यांना साधी वाक्ये ओळखता आली. मात्र त्या व्यक्तींना भाषा आधीपासून येत होती. अस्पष्ट राहिलेले शब्द त्या आपल्या ज्ञानाने भरून काढीत होत्या. जन्मतः बधिर बालकापाशी ही शिदोरी नसते. त्याला ढोबळ ध्वनिचित्रातूनच भाषा शिकावयाची असते आणि त्याच भाषेच्या आधारे ते ध्वनिचित्र वाचावयाचे असते.

'पान', 'तान' आणि 'कान'

हे तीन शब्द उच्चारून पाहावेत. त्यांतील भेद केवळ पहिल्या व्यंजनाच्या उच्चारस्थानाचा आहे, आणि तो क्षणार्धात सरून जातो. असे सूक्ष्म भेद इम्प्लांटमधून अस्पष्ट पोहोचतात. शब्दाची लांबी, बोलण्याची लय आणि आवाजाचे चढउतार मात्र त्यामानाने चांगले कळतात. 'पान' म्हणताना ओठ मिटतात. म्हणून बोलणाऱ्याचा चेहरा दिसत असेल, तर मुलाचे काम सोपे होते. स्वराची उंची नीट कळत नसल्याने 'तू जेवलास' हे विधान की प्रश्न, हे केवळ सुरावरून ओळखणेही त्याला कठीण जाते.

श्रवणवय

शिक्षकांनी विशेष ध्यानात घ्यावी अशी कल्पना श्रवणवयाची होय. शस्त्रक्रियेनंतर साधारणतः तीन-चार आठवड्यांनी यंत्र प्रथम सुरू केले जाते. तो मुलाच्या श्रवणाचा जन्मदिवस. तिसऱ्या वर्षी यंत्र सुरू झालेले मूल सहाव्या वर्षी पहिलीत येते, तेव्हा त्याचे श्रवणवय केवळ तीन वर्षांचे असते. त्याची बुद्धी सहा वर्षांची असते, भाषेचा अनुभव मात्र तीन वर्षांचा. त्याची प्रगती या मापाने मोजली पाहिजे.

येथे वेळेला फार महत्त्व आहे. जन्मतः बधिर बालकाच्या मेंदूतील श्रवणकेंद्राला सुमारे साडेतीन वर्षांच्या आत उत्तेजन मिळाल्यास त्याची वाढ बरीचशी नेहमीप्रमाणे होते, असे अभ्यासातून दिसून आले आहे. सात वर्षांनंतर ही शक्यता पुष्कळच घटते.

वर्गात काय करावे?

अंतर दुप्पट झाले, की मोकळ्या जागेत आवाजाची पातळी सुमारे ६ डेसिबलने घटते. म्हणून अशा मुलाला शिक्षकांजवळ, खिडकी आणि पंखा यांच्या गोंगाटापासून दूर बसवावे. फळ्याकडे तोंड करून बोलू नये. पत्र्यावर पाऊस वाजत असताना नवा पाठ तोंडी सांगण्याऐवजी लेखन किंवा चित्रे यांचा आधार घ्यावा. 'समजले का?' असे विचारल्यास मूल मान डोलावते. त्याऐवजी 'मी काय सांगितले, ते सांग' असे म्हणावे. यंत्र काढले किंवा बॅटरी संपली, की मूल पूर्वीइतकेच बधिर असते. अशा वेळी खाणाखुणांचा उपयोग करण्यास संकोच करू नये.

गावाचा वाटा

६ फेब्रुवारी २०१३ रोजी पालघर येथून सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या तपासणीत जन्मजात बधिरतेचाही समावेश आहे. केंद्र शासनाच्या 'ॲडिप' योजनेखाली २०१४ पासून कॉक्लिअर इम्प्लांटसाठी साहाय्य मिळू लागले आणि त्याच्या समन्वयाचे काम मुंबईच्या अली यावर जंग राष्ट्रीय संस्थेकडे सोपविण्यात आले. परंतु शस्त्रक्रिया एकदाच होते. वाचा-उपचार, यंत्राचे वेळोवेळी जुळवणीकरण, बॅटऱ्या आणि तारा यांचा खर्च वर्षानुवर्षे चालतो. तुटलेल्या तारेपायी यंत्र डबीत पडून राहिले, तर मुलाचे श्रवणवय तेथेच थांबते. ग्रामपंचायतींनी आपल्या उत्पन्नातील ५ टक्के निधी दिव्यांगांसाठी खर्च करावयाचा असतो. त्यातून या गरजा भागविता येतील का, याचा विचार पंचायत सदस्यांनी अवश्य करावा.

आवाज यंत्र पोहोचविते. त्याला अर्थ मात्र आईच्या, भावंडांच्या आणि गुरुजींच्या रोजच्या बोलण्यानेच येतो. म्हणून अशा मुलाशी जवळ बसून, चेहरा दाखवून, पुनःपुन्हा बोलावे. ज्या गावात असे एखादे मूल आहे, तेथील प्रत्येकाला हे करता येण्यासारखे आहे.