बॅटरी उतरलेली गाडी सुरू करून द्यायचा धंदा: चौथा चिमटा कुठे लावायचा?

व्हिडिओत जे भरभर दाखवलं, ते आज नीट लिहून देतोय. केबलला हात लावण्याआधी एकदा वाचा.

रहिमतपूरसारख्या गावात आलं, ऊस, भाजी, सगळं पिकअप नाहीतर ट्रॅक्टरवर चालतं. पहाटे माल भरून साताऱ्याला निघायचं आणि सेल्फ मारला की नुसती टिकटिक. अशा वेळी त्या माणसाला फक्त गाडी चालू हवी असते, आणि त्यासाठी तो पैसे देतो. तुम्हाला भांडवल काय लागतं? जाड तांब्याची जंपर केबल, मल्टिमीटर, डोळ्यांना चष्मा, हातमोजे आणि चार्ज केलेली १२ व्होल्टची बॅटरी किंवा तशी बॅटरी असलेली स्वतःची गाडी. स्वस्तातली बारीक केबल घेऊ नका, डिझेल गाडीला ती तापते आणि वितळते.

पोचल्यावर आधी बॅटरी बघा. फुगलेली, तडा गेलेली, गळणारी असेल तर सरळ नाही म्हणा. गिऱ्हाईक कितीही घाई करू दे.

दोन्ही गाड्या न्यूट्रलला, हँडब्रेक ओढलेला, इंजिन बंद, आणि गाड्या एकमेकींना टेकलेल्या नकोत. लाल चिमटा उतरलेल्या बॅटरीच्या प्लसला, दुसरा लाल चांगल्या बॅटरीच्या प्लसला. मग काळा चांगल्या बॅटरीच्या मायनसला. आणि चौथा? तो उतरलेल्या बॅटरीवर लावायचाच नाही! बंद गाडीच्या इंजिनवर, बॅटरीपासून लांब, रंग नसलेल्या धातूवर लावा. कारण लेड-ॲसिड बॅटरीतून हायड्रोजन निघतो आणि शेवटचं कनेक्शन जोडताना ठिणगी उडते. दोन्ही एका जागी आले तर बॅटरी फुटू शकते, ॲसिड तोंडावर येतं. डोळ्यात गेलंच तर लगेच १५-२० मिनिटं स्वच्छ पाण्याने धुवत राहा आणि दवाखाना गाठा.

मग मदतीची गाडी सुरू करून पाच मिनिटं थांबा. सेल्फ दहा सेकंदांच्या वर मारू नका, मध्ये मिनिटभर दम घ्या. सुरू झाली की चिमटे उलट्या क्रमाने काढा.

हंगामात शेजारी उसाचा ट्रक उभा असतो आणि कोणीतरी म्हणतंच, "त्याच्यावरून घ्या की!" घेऊ नका. ट्रकमध्ये बहुतेक वेळा दोन बॅटऱ्या जोडून २४ व्होल्ट असतात. तुमच्या पिकअपचा ईसीएम जळला तर महिन्याची कमाई त्यात जाईल. दुसरी गावठी युक्ती म्हणजे चालू गाडीची बॅटरी काढून दुसरीला लावणं. जुन्या गाड्यांत खपून जायचं. आताच्या गाड्यांत अल्टरनेटरचा व्होल्टेज एकदम उसळतो आणि इलेक्ट्रॉनिक्स जातं.

आता धंद्याचं बोलू. जंप मारला की निघून येऊ नका, मीटर लावा. इंजिन चालू असताना साधारण १३.८ ते १४.४ व्होल्ट दिसले तर चार्जिंग ठीक. त्याखाली असेल तर अल्टरनेटर किंवा पट्टा बघायला सांगा, उगाच बॅटरी विकू नका. रात्रभर उभ्या गाडीची बॅटरी १२.६ च्या आसपास हवी. पूर्ण चार्ज करूनही ती १२ च्या खाली उतरत असेल, तेव्हाच नवीनचं बोला. जुनी बदल्यात घेतली तर २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांनुसार ती नोंदणीकृत रिसायकलरकडेच पोचली पाहिजे, भंगारात नाही. दर मात्र फोनवरच सांगून टाका, पहाटेचा वेगळा, दिवसाचा वेगळा.