मागाचा आवाज आणि बाळाची झोप

वाराणसीतील मदनपुरा, अलईपुरा, पीलीकोठी या विणकरांच्या मोहल्ल्यांत घर व कामाची जागा अनेकदा एकच असते. एका खोलीत माग, शेजारच्या खोलीत संसार. २००९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालेल्या बनारसी साडीमागे अशाच घरांचे श्रम आहेत. हातमागाच्या जोडीला यंत्रमाग आल्यावर घरातील आवाज वाढला आणि वीज असेल तेव्हा काम उरकण्याची निकडही आली. अशा घरातील तान्ह्या मुलाची झोप हा केवळ मातेच्या कौशल्याचा विषय नाही. तो निवास, रोजगार व आरोग्यसेवा यांचा प्रश्न आहे.

झोपेची गरज

जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये पाच वर्षांखालील बालकांसाठी मार्गदर्शक सूचना प्रसिद्ध केल्या. त्यांनुसार चोवीस तासांत पहिल्या तीन महिन्यांत १४ ते १७ तास, ४ ते ११ महिन्यांत १२ ते १६ तास, तर एक ते दोन वर्षे वयात ११ ते १४ तास झोप आवश्यक असते. यात दिवसाची झोपही धरलेली आहे. गाढ झोपेत वाढीस आवश्यक संप्रेरक स्रवते. जागेपणी शिकलेले पक्के होण्यासही झोप साहाय्यभूत ठरते. नवजात बालकास दिवस-रात्रीचे भान नसते. ते पहिल्या काही महिन्यांत हळूहळू येते. म्हणून त्याचे वारंवार जागे होणे हा आजार नव्हे.

एक जुना धडा

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात मुंबईच्या कापड गिरण्यांत जाणाऱ्या अनेक स्त्रिया तान्ह्या मुलांना अफूची ‘बाळगोळी’ देत. मायेची उणीव हे त्याचे कारण नव्हते. मूल सांभाळणारे कोणी नव्हते व पाळणाघरेही पुरेशी नव्हती. गुंगी म्हणजे झोप नव्हे, हा त्यातील धडा आजही लागू आहे. बाळ शांत राहावे म्हणून खोकल्याचे वा अन्य कोणतेही औषध वैद्यकीय सल्ल्याविना देऊ नये.

घरात काय करता येईल

बाळाची जागा मागापासून शक्य तितकी दूर, मधले दार बंद करता येईल अशी असावी. सकाळी उजेडात न्यावे. रात्री दिवा मंद ठेवावा. अंग पुसणे, दूध, अंगाई हा क्रम रोज तोच असावा. एक वर्षापर्यंत बाळाला पाठीवर, सपाट व घट्ट बिछान्यावर निजवावे. उशी किंवा तोंडावर येणारे पांघरूण नसावे. डासांपासून संरक्षणासाठी मच्छरदाणी हवी. वाराणसीच्या कडाक्याच्या थंडीत बंद खोलीत कोळशाची शेगडी ठेवणे मात्र प्राणघातक ठरू शकते.

व्यवस्थेची जबाबदारी

२००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार निवासी भागात रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत आवाजाची मर्यादा ४५ डेसिबल आहे. परंतु जिथे घरच उपजीविकेचे साधन आहे, तिथे माग बंद करा, एवढेच सांगणे पुरेसे नाही. दिवसा भरवशाचा वीजपुरवठा झाला तर रात्रपाळीची निकड कमी होईल. मागांसाठी सामायिक शेड उभारल्यास घर व काम वेगळे करता येईल. २०२२ पासून ‘मिशन शक्ती’अंतर्गत असलेल्या ‘पाळणा’ योजनेत सहा महिने ते सहा वर्षे वयाच्या बालकांसाठी पाळणाघरांची तरतूद आहे. विणकर वस्त्यांना त्यात अग्रक्रम मिळावा. आशा कार्यकर्ती २०११ पासून नवजात बालकाच्या घरी भेट देते. २०१८ पासून पंधराव्या महिन्यापर्यंतच्या भेटींचीही त्यात भर पडली. या भेटींत वजन व स्तनपान यांच्याबरोबर बाळ कुठे व कसे झोपते, हेही विचारले जावे.

भिवंडी, मालेगाव, इचलकरंजी या यंत्रमागाच्या गावांनाही हा विचार लागू पडतो. कुटुंब मागावर जगते. त्या मागाच्या सावलीत वाढणाऱ्या बालकाला शांत झोप मिळणे हीही विकासाची कसोटी होय.